काकांच्या जुन्या सायबर कॅफेच्या हार्ड डिस्कवरचे फ्लॅश गेम आजच्या लॅपटॉपवर कसे चालवायचे?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या काकांचा अमळनेरला सायबर कॅफे होता, बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यातले जुने सीपीयू माळ्यावर पडून होते, ते भंगारात जायच्या आधी मी एकाची हार्ड डिस्क काढून घेतली. त्यात काकांनी गेम्स नावाचा फोल्डर करून ठेवलाय आणि आत एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या गेमांच्या, फाइलींचा ढीग आहे. तेव्हा नेट इतकं हळू होतं की मिनीक्लिपवरचा गेम लोड होईपर्यंत पोरांचा निम्मा तास संपायचा, त्यात लोडशेडिंग झालं की परत पहिल्यापासून, म्हणून काका टेम्पररी इंटरनेट फाइल्समधून फाइल उचलून या फोल्डरला टाकायचे आणि मग नेट बंद असलं तरी पोरं खेळत बसायची. बबल ट्रबल, राफ्ट वॉर्स, स्टिक क्रिकेट, अशी बरीच नावं दिसून राहिली.

आता अडचण अशी की माझ्याकडे विंडोज ११ आहे. डबल क्लिक केलं की कोणत्या ॲपने उघडू असं विचारतं, क्रोममधे ओढून टाकली तर चालायच्या ऐवजी डाउनलोडच होते. फ्लॅश प्लेयर डाउनलोड असं शोधलं तर पन्नास साइटी येतात पण त्यातली एकही बरी वाटत नाही, इन्स्टॉल करायची हिंमत होईना.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. माझ्या चुलत बहिणीने तेव्हा जळगावला ॲनिमेशनचा कोर्स केला होता, त्यात तिने स्वतः एक गेम बनवला होता, वरून केळीचे घड पडतात आणि खाली टोपली सरकवून झेलायचे, मधेच गारा पडतात त्या चुकवायच्या. सगळं मराठीत. कॅफेत येणारी पोरं तो पण खेळायची. तो कोणत्याच साइटवर नाही, जगात फक्त या डिस्कवर असेल. बाकीचे राहिले तरी चालेल पण हा चालला पाहिजे. कोणी सांगा ना भो.

सातपुडा_पायथा (चोपडा)

भाऊ, पहिले एक काम करा, त्या पन्नास साइटींपैकी कुठूनच काही घेऊ नका. ॲडोबने जुलै २०१७ मधेच सांगून टाकलं होतं की फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमधे गेम आणि ॲनिमेशन चालवायचं त्यांचं सॉफ्टवेअर, बंद करणार, ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर ब्राउझरमधला प्लेयर स्वतःच गेम अडवायला लागला, ती तारीख त्याच्या आतच लिहून ठेवलेली होती. त्यामुळे आज जो कोणी 'नवीन फ्लॅश प्लेयर' देऊन राहिला तो तुम्हाला दुसरंच काहीतरी देऊन राहिला असं समजायचं.

चालवायला आता मला पटणारे तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे रफल. हा एम्युलेटर आहे, म्हणजे जुन्या प्लेयरची नक्कल करणारा प्रोग्राम, रस्ट भाषेत लिहिलेला, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स. ब्राउझरचं एक्स्टेन्शन पण आहे आणि नुसतं डेस्कटॉप ॲप पण आहे. तुम्ही डेस्कटॉपवालं घ्या, फाइल उघडा म्हटलं की उघडते, इन्स्टॉलची भानगड नाही. यात ॲडोबचा जुना कोड अजिबात नाही, त्यामुळे जुन्या प्लेयरमधली सुरक्षेची भोकं यात येत नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरमधे इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या गोष्टी जपणाऱ्या साइटने फ्लॅशचे गेम ब्राउझरमधे चालवायला सुरुवात केली ती याच्याच जोरावर, आणि न्यूग्राउंड्स या गेमांच्या साइटवर पण हाच लावलाय. अडचण एकच, ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंगची भाषा) १ आणि २ मधले गेम बहुतेक सगळे नीट चालतात, पण २००६ मधे फ्लॅश प्लेयर ९ सोबत जी ॲक्शनस्क्रिप्ट ३ आली तिच्यातले काही चालतात, काही मधेच अडकतात. काम चालूच आहे, दर काही दिवसांनी नवी आवृत्ती येते, त्यामुळे आज नाही चालला तर वर्षाने परत लावून बघा.

दुसरा म्हणजे ॲडोबचाच स्टँडअलोन प्लेयर, ज्याला प्रोजेक्टर म्हणतात. एकच एक्झी फाइल, ब्राउझरशी संबंध नाही, आणि त्याला ती १२ जानेवारीची आडकाठी लागत नाही. पण आता त्याला सिक्युरिटी अपडेट मिळत नाही म्हणून फायरवॉलमधे त्याचं नेट बंद करा आणि फक्त आपल्या माहितीतल्या फाइली त्यात उघडा.

तिसरा फ्लॅशपॉइंट. हे जानेवारी २०१८ मधे ऑस्ट्रेलियातल्या बेन लॅटिमोरने सुरू केलं आणि आज त्यात दोन लाखांच्या वर गेम आणि ॲनिमेशन जपलेली आहेत. सगळंच्या सगळं उतरवायचं तर एक टीबीपेक्षा जास्त जागा लागते, पण इन्फिनिटी नावाची लहान आवृत्ती आहे, त्यात जो गेम खेळायचा तेवढाच उतरतो. बहुतेक ठिकाणच्या नेटवर आरामात भागतं. प्रोजेक्टर पण त्याच्या आतच येतो, वेगळा शोधायला नको.

आणि फ्लॅशपॉइंटची जी युक्ती मला सगळ्यात आवडते ती सांगतो. पुष्कळ गेमांना साइटलॉक असतं, म्हणजे गेम सुरू झाल्या झाल्या बघतो की मी मिनीक्लिपवरच आहे ना, नसला तर पांढरी स्क्रीन नाहीतर 'अमुक साइटवर जाऊन खेळा' असा बोर्ड. फ्लॅशपॉइंट तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर लावतो आणि गेमला भासवतो की तू त्याच जुन्या साइटवर आहेस. गेमच्या फाइलीला हात पण लावावा लागत नाही. ज्यांनी हे डोकं लावलं त्यांचे पाय धरावेत असं मला वाटतं.

भुसावळ_प्लॅटफॉर्म

वरच्या भाऊंनी चालवायचं सांगितलं, पण त्याच्या आधी डिस्क वाचवा. कॅफेतली डिस्क म्हणजे रुंद पट्टीवाली आयडीई असणार. यूएसबीला जोडायचं कनेक्टर मिळतं, पण १२ व्होल्टचा वेगळा ॲडाप्टर असलेलंच घ्या, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. मागे जंपर असतो तो मास्टरला करा.

चालू झाली की एकेक गेम उघडून बघत बसू नका, पहिले अख्खी डिस्क दुसरीकडे उतरवून घ्या. माळ्यावर आपल्याकडच्या मे महिन्यात काय तापमान होतं हे तुम्हाला सांगायला नको, अशी डिस्क किती वेळ साथ देईल याचा भरवसा नाही. कटकट आवाज येत असेल तर विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क अजिबात चालवू नका, ते खराब सेक्टरवर परत परत घासत बसतं. लिनक्सची पेनड्राइव्ह करा आणि डीडीरेस्क्यू लावा, ते पहिले चांगला भाग उचलून घेतं आणि खराब भागाकडे शेवटी वळतं.

आणि कॅफेची डिस्क आहे म्हणजे व्हायरस असणारच हे धरून चाला. फोल्डरच्या चित्राची न्यू फोल्डर डॉट एक्झी, ऑटोरन डॉट आयएनएफ, हे सगळं त्या काळात प्रत्येक कॅफेत होतं. डबल क्लिक करायच्या आधी फाइलींची शेवटची अक्षरं दिसतील अशी सेटिंग करा. काही गेम एक्झीमधे पण असतील, प्रोजेक्टरमधे गुंडाळलेले, ते तसेच चालवू नका, जेपेक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याने आतली एसडब्ल्यूएफ बाहेर काढता येते.

केळीबाग (फैजपूर)

राग मानू नका पण एवढा खटाटोप कशाला? पोरांना खेळवायचंय तर फायरबॉय अँड वॉटरगर्ल एचटीएमएल ५ मधे कोणत्याही साइटवर चालतो, स्टिक क्रिकेट मोबाइलवर आहे, ब्लून्सवाल्या निंजा किवीने तर त्यांचे जुने फ्लॅश गेम स्टीमवर फुकट देऊन टाकलेत. माझा पोऱ्या ते सगळं खेळतो. जुनी डिस्क ढवळून काय मिळणार?

सातपुडा_पायथा (चोपडा)

जे गाजले ते वाचले हे तुमचं बरोबरच आहे, आणि ज्या कंपन्यांनी स्वतः जपले त्यांचं कौतुकच. पण नव्याने बनवलेला गेम म्हणजे तोच गेम नसतो भाऊ, उडीचा वेग जरा बदलला की हाताला लगेच कळतं. आणि बोरीकाठ भाऊंचा मूळ प्रश्न त्या केळीच्या गेमचा आहे. फ्लॅशपॉइंटमधे दोन लाख गेम आले कारण ते कुठल्या ना कुठल्या साइटवर होते आणि कोणाला तरी दिसले. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला त्या काळात ॲनिमेशनच्या क्लासमधून पोरापोरींनी जे बनवलं ते साइटवर कधी गेलंच नाही, सीडीवर नाहीतर कॅफेच्या डिस्कवरच राहिलं. ते दुसरं कोण जपणार? ते आपल्यालाच करावं लागेल, आणि त्या डिस्का अजून फिरतायत तोवरच.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. भुसावळवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच केलं, कनेक्टर मागवलं, सगळी डिस्क उतरवून घेतली, थोडे सेक्टर गेले पण गेम्सचा फोल्डर पूर्ण आला. रफलमधे निम्म्याच्या वर गेम लगेच चालले, बबल ट्रबलचा आवाज आला तर काका आतून उठून बाहेर आले.

आता दोन गोष्टी अडल्या. एक, काही फाइली उघडतात, लोडिंगची पट्टी शंभर टक्क्यापर्यंत जाते आणि मग काहीच नाही. दोन, केळीचा गेम चालतो!! टोपली सरकते, घड पडतात, गारा पण पडतात, पण वर जिथे गुण आणि 'पुन्हा खेळा' यायला पाहिजे तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसून राहिला. गंमत अशी की पहिल्या पानावरचं गेमचं नाव मराठीत एकदम स्वच्छ येतं. एकाच गेममधे एक मराठी बरोबर आणि दुसरी चूक कशी?

सातपुडा_पायथा (चोपडा)

पहिल्याचं उत्तर बहुतेक फाइलींच्या नावात आहे. काकांनी इंटरनेट एक्सप्लोररच्या कॅशमधून उचलल्यात ना, तो नावाच्या शेवटी चौकटी कंसात १ लावायचा. म्हणजे मूळ लेव्हल्स डॉट एसडब्ल्यूएफ असेल तर कॅशमधे ती लेव्हल्स, कंसात १, डॉट एसडब्ल्यूएफ अशी पडते. एकाच फाइलीचा गेम असला तर नावाने काही फरक पडत नाही, पण मोठे गेम पहिले एक लहान फाइल उघडतात आणि ती पुढची फाइल मूळ नावाने मागते. त्या नावाची सापडली नाही की तिथेच थांबते. कंस काढून नावं नीट करा आणि एका गेमच्या फाइली एका फोल्डरला ठेवा. मूळ प्रत मात्र तशीच राहू द्या, बदल कॉपीवर करा.

तरी नाही चालली तर ती फाइल नोटपॅडमधे उघडा, सगळा कचरा दिसेल पण अगदी पहिली तीन अक्षरं बघा. एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस नाहीतर झेडडब्ल्यूएस असलं तर खरी फ्लॅश फाइल आहे (पहिली साधी, दुसऱ्या दोन दाबून लहान केलेल्या). तिथे एचटीएमएल दिसलं तर ते एरर पान आहे, गेम नाही. आणि शेवट डीसीआर असलेल्या फाइली असल्या तर त्या शॉकवेव्ह या वेगळ्या प्लेयरच्या, फ्लॅशच्या नाहीत, त्या रफलमधे चालणार नाहीत, त्या गेमांसाठी फ्लॅशपॉइंटमधे शोधा.

काही गेम मात्र सोडून द्यावे लागतील. फेसबुकवरचं फार्मव्हिल घ्या, जून २००९ ला आलं आणि फ्लॅशसोबतच ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. त्याची फाइल तुमच्याकडे असली तरी उपयोग नाही, शेत, पीक, शेजारी सगळं त्यांच्या सर्व्हरवर होतं. याहू पूलचं पण तसंच, तो जावा ॲपलेट होता आणि समोरचा खेळणारा सर्व्हरमधूनच यायचा.

पांझरा_ताई (धुळे)

मराठीच्या काल्याचं मी सांगते, मी तेव्हा क्लासवर फ्लॅश शिकवायचे आणि हा प्रश्न दर बॅचला यायचाच.

त्या काळच्या फ्लॅशमधे युनिकोड मराठी (आज आपण मोबाइलवर टाइप करतो ती) नीट बसत नव्हती, जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलतीकडे जायची. प्लेयर १० मधे २००८ ला नवीन टेक्स्ट इंजिन आलं तेव्हा कुठे अशा लिप्यांची सोय झाली, आणि आपल्याकडच्या क्लासांमधे तर त्यानंतरही जुन्याच आवृत्त्या चालायच्या. म्हणून सगळे श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, नाहीतर आयएसएमचे डीव्हीबी सुरेख असले फॉन्ट वापरायचे. या फॉन्टमधे आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचा आकार मराठी काढलेला असतो. फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, तोच तुम्हाला काला दिसतोय.

नाव बरोबर आणि गुण चूक का, तर फ्लॅशमधे मजकुराचे प्रकार असायचे. स्टॅटिक टेक्स्ट टाकलं की अक्षरांचे आकार फाइलमधेच भरले जायचे, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर तसेच दिसतात. पण गुण बदलत राहतात म्हणून ते डायनॅमिक टेक्स्टमधे टाकावे लागतात, आणि तिथे फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाइलमधेच भरायची, वेगळी खूण करावी लागायची. ती राहून गेली तर प्लेयर फॉन्ट विंडोजकडे मागतो. कॅफेच्या मशीनवर तो फॉन्ट होता म्हणून तेव्हा बरोबर दिसायचं.

आता असं करा. जेपेक्समधे ती एसडब्ल्यूएफ उघडा, डाव्या बाजूला फॉन्टची यादी असते, तिथे फॉन्टचं नाव लिहिलेलं दिसेल. मग तुम्ही जी अख्खी डिस्क उतरवलीय तिच्यात विंडोजच्या फोल्डरमधे फॉन्ट्स म्हणून फोल्डर आहे, त्यात त्याच नावाचा टीटीएफ (फॉन्टची फाइल) शोधा, बहुतेक मिळेलच. तो लॅपटॉपवर इन्स्टॉल करा आणि गेम प्रोजेक्टरमधे उघडा, कारण विंडोजमधले फॉन्ट उचलायचं काम तो हमखास करतो. ब्राउझरमधल्या रफलकडून ही अपेक्षा ठेवू नका.

आणि अजून एक, तुमच्या ताईंना एफएलए फाइल, म्हणजे गेम बनवतानाची मूळ फाइल, आहे का विचारा. एसडब्ल्यूएफ म्हणजे कापून आणलेला घड आणि एफएलए म्हणजे जमिनीतला कंद, पुढचं जे काही उगवायचं ते त्यातूनच. एफएलए असली तर ती ज्या जुन्या फ्लॅश सॉफ्टवेअरमधे बनवली त्यातच उघडून ती एम्बेडची खूण करता येईल आणि मग फॉन्टचा प्रश्नच कायमचा मिटेल.

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, एकदम बरोबर! फॉन्टचं नाव यादीत होतं आणि टीटीएफ जुन्या विंडोज फोल्डरमधेच सापडला. इन्स्टॉल केला, प्रोजेक्टरमधे उघडलं आणि वर 'गुण' आलं, हरल्यावर 'टोपली रिकामी! पुन्हा खेळा' असं आलं. बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली तो गारांचा आवाज मी पत्र्यावर गहू ओतून रेकॉर्ड केला होता. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

नावांमधले कंस काढल्यावर अडकलेले बाकीचे गेम पण बरेच चालले. आता हा केळीचा गेम लोकांना खेळता येईल असा कुठे ठेवता येईल?

सातपुडा_पायथा (चोपडा)

ताईंची परवानगी घ्या, गेम त्यांचा आहे. मग इंटरनेट आर्काइव्हवर खातं काढा आणि एसडब्ल्यूएफ चढवा, तिथे रफलची सोय असल्याने लोकांना पानावरच खेळता येतो. पण सध्या गुणांची अक्षरं तिथे कालाच दिसतील, त्यामुळे एफएलए मिळून फॉन्ट एम्बेड झाला तर ती आवृत्ती पण चढवा आणि मूळची पण राहू द्या, दोन्ही. फ्लॅशपॉइंटवाले पण नवे गेम घेतात, त्यांच्या यादीत नसलेला खान्देशातला मराठी गेम त्यांना नक्की आवडेल. पहिले यादीत शोधायचं आणि मग पाठवायचा.

वर्णनात सगळं लिहा. कोणी बनवला, कुठे, साधारण कोणत्या साली, कोणता फॉन्ट लागतो, कोणत्या बटणांनी खेळायचा, आणि ते गव्हाचं तर लिहाच लिहा. फाइलमधून हे काहीच कळत नसतं. फॉन्टची फाइल मात्र सोबत चढवू नका, ते फॉन्ट विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे असतात, नुसतं नाव पुरे. बाकीच्या कंपन्यांच्या गेमांचे हक्क त्यांच्याकडेच आहेत, ते आपल्यापाशी जपून ठेवा आणि फ्लॅशपॉइंटच्या यादीत नसलेले तेवढे त्यांना कळवा.

भुसावळ_प्लॅटफॉर्म

त्याच डिस्कवर अजून एक बघा. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, मग युजरचं नाव, ॲप्लिकेशन डेटा, मॅक्रोमीडिया, फ्लॅश प्लेयर, तिथे शेअर्ड ऑब्जेक्ट्स नावाचा फोल्डर असतो. त्यात एसओएल फाइली असतील, म्हणजे पोरांनी खेळलेल्या गेमांचे सेव्ह आणि हाय स्कोर. ॲप्लिकेशन डेटा लपवलेला असतो, हिडन फाइली दाखवा असं करावं लागेल. तो फोल्डर वेगळा कॉपी करून ठेवा. केळीच्या गेममधे स्कोर सेव्ह होत असेल तर तो पण तिथेच सापडेल.

पांझरा_ताई (धुळे)

माझ्याकडे क्लासच्या मुलांच्या प्रोजेक्टच्या सीड्या आहेत, काहींना बुरशी लागलीय. हे वाचून काल काढल्या. जुना डीव्हीडी रायटर असलेलं मशीन कोणाकडे आहे का धुळे, शिरपूरकडे? लॅपटॉपला आता ड्राइव्हच येत नाही. ज्यांचे प्रोजेक्ट आहेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे नंबर आहेत माझ्याकडे, विचारूनच पुढे करेन.

केळीबाग (फैजपूर)

ताई, माझ्याकडे बाहेरून लावायचा यूएसबीवाला रायटर आहे, चालू आहे. शनिवारी धुळ्याला मार्केटला येतोय, सोबत घेऊन येतो. आणि बोरीकाठ भाऊ, तो केळीचा गेम चढवला की लिंक इथे टाका, पोऱ्याला दाखवायचाय.

बोरीकाठ (अमळनेर)

टाकतो नक्की. बहीण हो म्हणाली. एफएलए तिच्या सासरी पाचोऱ्याला एका सीडीवर असेल असं म्हणते, रविवारी तिकडे जाऊन बघतो. एसओएलचा फोल्डर सापडला, त्यात तिच्या गेमच्या नावाची पण एक फाइल आहे, ती पण वेगळी ठेवलीय.